‘जागा नव्हती’ हे उत्तर नाही

ती कॉइल तिथे बसवायला तुला कुणी सांगितलं? सरळ विचारतोय, सरळ उत्तर दे. ‘सर, दुसरी जागाच नव्हती’ हे मी ऐकून घेणार नाही, कारण ते खरं नाही. मॉरिस मायनरचं बॉनेट उघडलं की इंजिनाच्या दोन्ही अंगांना कोपरापर्यंत हात घालून काम करता येतं. अ‍ॅलेक इसिगोनिसने ही गाडी आखली तेव्हा त्याच्या मनात सिलिंडर दोन्हीकडे आडवे पसरलेलं सपाट इंजिन होतं. ते बारगळलं आणि त्या रुंद खणात उभं, अरुंद इंजिन आलं. शिवाय १९४८ साली गाडी लोकांसमोर येण्याआधी ऐन वेळी त्याने ती चार इंचांनी रुंद करायला लावली. बॉनेटच्या मध्यावर जी उंच पट्टी दिसते ती त्याचीच खूण. जिथे मुळात जागा उरली आहे तिथे तुला कॉइलएवढी जागा सापडली नाही? तू शोधलीच नाहीस. हाताला जो नट आधी लागला, त्याच्याखाली पट्टी सारलीस आणि मोकळा झालास.

काय केलंस ते मीच सांगतो, म्हणजे पुन्हा सारवासारव नको. मालकांनी रात्रीच्या दिव्यांसाठी अल्टरनेटर मागितला. तू मारुतीचा अल्टरनेटर आणलास, डायनॅमो उतरवलास. इथवर ठीक. मायनरमध्ये कॉइल मुळात डायनॅमोच्या पाठीवर क्लॅम्पने बसवलेली असते. डायनॅमो गेला की तिचा आधार गेला, आणि अल्टरनेटरच्या अंगावर ती बसवायला काही सोय नसते. हे जुनं, सगळ्यांना ठाऊक असलेलं दुखणं आहे. मायनरला अल्टरनेटर लावणाऱ्या प्रत्येकाला कॉइलचं नवं घर आधी ठरवावं लागतं, मगच डायनॅमोच्या बोल्टला पाना लावायचा. तू ते शेवटी ठरवलंस, संध्याकाळी, गाडी द्यायची घाई असताना. पत्र्याची एक पट्टी वाकवलीस, तिला दोन भोकं पाडलीस आणि ती थेट मॅनिफोल्डच्या स्टडवर, नटाखाली दाबलीस. कॉइल आता एक्झॉस्ट मॅनिफोल्डपासून तीन बोटांवर आहे. चुलीच्या वैलावर लोण्याचा गोळा ठेवून वर झाकण लावावं, तसलं हे काम आहे.

त्याचं फळ कुणी भोगलं? सत्तरी ओलांडलेल्या माणसाने. वाईहून पाचगणीला निघालेली गाडी पसरणी घाटात निम्म्यावर बंद पडली. बायको शेजारी, उन्हाची वेळ, वळणावर थांबायला धड कडेपट्टी नाही. अर्ध्या तासाने गाडी आपोआप सुरू झाली, दोन वळणं चढून पुन्हा बंद. वडिलांनी वापरलेली गाडी ते जिवापाड सांभाळतात, आणि परत आल्यावर ते तुला एक शब्द वाकडा बोलले नाहीत. तू काय केलंस? ‘पेट्रोल तापून वाफ होतेय’ म्हणून निदान ठोकून दिलंस. कार्ब्युरेटर खोललास, फ्लोट बदललास, पेट्रोलच्या पाइपवर अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी गुंडाळलीस. गाडी पुन्हा थांबली. मग कंडेन्सर बदललास. मग कॉइल बदललीस आणि नवी कॉइल त्याच पट्टीवर, त्याच जागी कसलीस. तीही गेली, मग तिसरी. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी! आणि या प्रत्येक फेरीचं बिल मालकांच्या हातात ठेवलंस.

अ‍ॅस्बेस्टॉसची दोरी आजच्या आज काढ. ती वस्तू फुप्फुसात जाते, हे दहावीच्या पोरालाही माहीत आहे. फडकं ओलं करून काढ, झटकू नकोस.

आता निदानाकडे ये, कारण मला सगळ्यात राग त्याचा आहे. चुकीची जागा एकवेळ अज्ञानात घडते; कारण न तपासता सुटे भाग बदलत जाणं हा आळस आहे. मायनरला एसयूचा विजेवर चालणारा पेट्रोल पंप आहे. बंद पडलेल्या गाडीत चावी फिरवली की तो चार-पाच वेळा टकटक करतो आणि कार्ब्युरेटर भरला की गप्प होतो. तसा गप्प झाला तर पेट्रोल पोहोचलं आहे. नुसता टकटकतच राहिला तर वाफ किंवा हवा ओढतोय, असा संशय घ्यायचा. याला अवजार लागत नाही, कान लागतो. मालकांना मी फोनवर विचारलं, ‘पंप वाजत होता का?’ ते म्हणाले, ‘दोन-तीनदा वाजून थांबला.’ वाहन कधीच दुरुस्त न केलेल्या माणसाने अचूक सांगितलं, आणि तू दोन महिन्यांत त्यांना हा प्रश्नच विचारला नाहीस.

पेट्रोल आहे असं ठरलं की ठिणगी पाहायची. डिस्ट्रिब्युटरच्या झाकणातली मधली जाड वायर उपटायची, कोरड्या, रबरी मुठीच्या पकडीत धरून टोक इंजिनाच्या लोखंडापासून पाव इंचावर ठेवायचं आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगायचं. जवळपास पेट्रोल सांडलेलं नाही हे आधी बघायचं. निळसर पांढरी, चटचट वाजणारी ठिणगी आली तर कॉइल जिवंत. पिवळी, बारीक, मधूनच दिसणारी आली किंवा आलीच नाही तर गाडी जिथे थांबली तिथेच, त्याच मिनिटाला, कॉइलवर ओलं फडकं टाकायचं. पाच मिनिटांत ठिणगी परतली तर यापुढे कार्ब्युरेटरकडे बघायचंही कारण नाही. तू ठिणगी पाहिलीस ती कुठे? आपल्या शेडमध्ये, सकाळी, थंड इंजिनावर. थंड असताना ती येणारच. दुखणं उष्णतेचं आहे आणि तू रोगी बरा असताना नाडी पाहतोयस.

कॉइलच्या त्या डब्यात काय असतं ते मी तुला दोन वर्षं शिकवलं आहे. एक डबा उभा कापून वर्कशॉपच्या टेबलावर ठेवला होता, आठवतो? मध्ये पातळ पत्र्यांचा गाभा. त्याभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे, त्यांच्या थरांमध्ये कागद. बाहेरून जाड तारेचे काहीशे वेढे. आणि हे सगळं तेलात बुडालेलं. पॉइंट मिटले की बारा व्होल्टचा करंट जाड तारेतून वाहतो आणि गाभ्यात चुंबकत्व साठतं. कॅमने पॉइंट उघडले की करंट तुटतो, चुंबकत्व कोसळतं आणि बारीक तारेत पंधरा-वीस हजार व्होल्टचा झटका उठतो. चार्ल्स केटरिंगने बॅटरी आणि कॉइलची ही पद्धत कॅडिलॅकवर आणली त्याला शंभराहून जास्त वर्षं झाली. मूळ तत्त्व फॅरडेने १८३१ मध्ये दाखवलं होतं. तेव्हापासून आजवर तांब्याचा स्वभाव बदललेला नाही: तापलं की त्याचा रोध वाढतो. दर अंशाला साधारण ०.३९ टक्के.

एवढासा आकडा वाटतो ना? मग काल तुझ्यासमोर लावलेला मीटर आठव. सकाळी, गाडी रात्रभर उभी असताना, कॉइलच्या दोन छोट्या टोकांमध्ये ३.२ ओहम आले. मग तुला गाडी कात्रजच्या चढावर फिरवून आणायला लावलं. आल्या आल्या वायरी सोडवून पुन्हा मीटर लावला: ४.१. त्या आकड्याकडे तू नुसता पाहत राहिलास. त्याचा अर्थ असा. बारा व्होल्टवर सकाळी पावणेचार अँपिअर वाहत होते, तापल्यावर तीनच्याही खाली आले. ठिणगीची ताकद करंटच्या वर्गावर ठरते, म्हणजे करंट बावीस टक्के घटला तर साठवलेली ऊर्जा जवळजवळ चाळीस टक्के घटते. आणि हे कधी घडतं? घाटात, दुसऱ्या गिअरमध्ये, पाय खाली दाबलेला असताना. सिलिंडरमध्ये दाब भरपूर असतो तेव्हा प्लगच्या फटीतून उडायला ठिणगीला जास्त व्होल्टेज लागतं. गरज सगळ्यात जास्त असते त्याच वेळी तुझी कॉइल सगळ्यात दुबळी होते. चार सिलिंडरच्या या इंजिनाला ३००० आरपीएमवर सेकंदाला १०० ठिणग्या लागतात. त्यातल्या काही चुकल्या की गाडी मिसिंग मारते, सगळ्याच चुकल्या की थांबते.

रोध वाढणं हे फक्त पहिलं दुखणं. थंड झाल्यावर ते जातं, म्हणून तू फसलास. पण रोज तापणाऱ्या डब्यात थरांमधला कागद हळूहळू करपतो, तेल फुगतं आणि झाकणाच्या सीलमधून वाट काढतं. उतरवलेली दुसरी कॉइल मी हातात घेतली तेव्हा जाड वायर जिथे बसते त्या टॉवरच्या बुडाशी तेलाची ओली रेघ होती. बोट फिरवलं तर बोटाला लागलं, आणि त्या तेलावर धूळ बसून काळी किनार झाली होती. तेल कमी झालं की आतल्या वरच्या वेढ्यांना आधार राहत नाही, उष्णता बाहेर पडायचा रस्ता बंद होतो आणि एक दिवस आतल्या आत ठिणगी पडते. त्यानंतर ती कॉइल थंड झाल्यावरही परत येत नाही. तू ही खूण पाहिलीच नाहीस आणि तिसरी कॉइल विकत आणलीस.

काल तू एक वाद घातलास तोही निकालात काढतो. ‘सर, कंपनीनेसुद्धा कॉइल इंजिनावरच ठेवली होती ना?’ होय, डायनॅमो इंजिनालाच अडकवलेला असतो आणि कॉइल त्याच्या पाठीवर. आडवीच असते, म्हणून आडवी ठेवल्याबद्दल मी तुला बोलत नाही. पण डायनॅमो कोणत्या अंगाला आहे हे पाहिलंस? या ए-सिरीज इंजिनात इनलेट आणि एक्झॉस्ट दोन्ही मॅनिफोल्ड एकाच अंगाला, डाव्या. कार्ब्युरेटरही तिकडेच. प्लग, डिस्ट्रिब्युटर आणि डायनॅमो उजव्या अंगाला. म्हणजे कंपनीची कॉइल मॅनिफोल्डपासून अख्ख्या इंजिनाच्या रुंदीने लांब होती, पुढच्या बाजूला पंख्याच्या हवेत होती, आणि डिस्ट्रिब्युटर तिच्या शेजारी होता. इंजिनाची थरथर तिला सोसावी लागे, हे खरं. ती एक तडजोड होती, आणि थरथरीच्या बदल्यात त्यांनी गारवा आणि आखूड वायर मिळवली. तुझ्या जागी थरथर तर आहेच, भट्टीही आहे आणि वायरही लांब. कंपनीचा दाखला द्यायचा तर पुरा द्यावा.

आणि ते शेडमधलं थर्मामीटरचं प्रकरण. ‘मी मोजलं सर, साठच्या आत होतं.’ बॉनेट उघडं, गाडी उभी, इंजिन नुसतं घुरघुरतंय, पंखा चालू. असं मोजून काय कळणार? घाट चढताना बिडाचा मॅनिफोल्ड कित्येकशे अंशांपर्यंत तापतो. मग माणूस चहाला थांबतो, चावी बंद करतो, पंखा थांबतो, पाण्याचं फिरणं थांबतं, बॉनेट बंद. त्या बंद खणात उष्णता पुढची दहा-पंधरा मिनिटं वाढत राहते. कॉइलला सगळ्यात वाईट वेळ गाडी चालू असताना येत नाही, थांबल्यावर येते. चहा पिऊन आलेल्या माणसाची गाडी सेल्फ मारूनही उठत नाही ती याच कारणाने. मोजायचं तर तेव्हा मोज.

तिच्याभोवती सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळलास, तो कशासाठी? थरथर लागू नये म्हणून. हेतू चांगला, काम वाईट. कॉइल स्वतःही तापते. पॉइंट मिटलेले राहून चावी चालू राहिली तर तिच्यात पंचेचाळीस वॅटच्या आसपास उष्णता सारखी तयार होते, बल्ब जळावा तशी. ती उष्णता डब्याच्या पत्र्यातून क्लॅम्पमध्ये आणि क्लॅम्पमधून बॉडीच्या पत्र्यात निघून जाते. तू तिच्यावर रबर चढवून तो रस्ताच बुजवलास. क्लॅम्प धातूचा, उघडा आणि डब्याला सगळीकडून चिकटून बसणारा हवा. कसताना डब्याला खोच पडेल इतका ताणायचा नाही. आत पत्र्याला लागूनच वेढे आहेत. खोच पडलेली कॉइल दुकानदाराने दिली तर परत कर. आणि गाणी ऐकायला चावी चालू ठेवून गाडीत बसायची तुझ्या पोरांची सवय मोड.

क्लॅम्पखालचा रंग खरवडलास तेही व्यर्थ. या कॉइलला डब्यातून अर्थ लागत नाही, तिची परतीची वाट आतूनच छोट्या टोकांकडे जाते. रंग खरवडून गंजाला जागा मात्र करून दिलीस.

आता जाड वायर. डाव्या अंगाच्या कॉइलपासून उजव्या अंगाच्या डिस्ट्रिब्युटरपर्यंत ती तू रॉकर कव्हरवरून आडवी नेलीस. कव्हरच्या नटावर ती घासते, चोकच्या केबलला टेकते, आणि मधल्या वळणावर तिचं रबर चकाकायला लागलं आहे. त्या वायरीत वीस हजार व्होल्ट आहेत. तिला जवळचा अर्थ सापडला की ती प्लगपर्यंत जायचं कष्ट घेत नाही. आज रात्री शेडचे दिवे घालव, बॉनेट उघड, इंजिन चालू कर आणि त्या वायरीवर फवाऱ्याने पाण्याचे बारीक तुषार मार. वळणावर निळी जाळी दिसेल. ही गाडी जूनमध्ये महाडच्या बाजूला जाते हे तुला ठाऊक आहे ना? कोकणातल्या पावसात ही गाडी पहिल्याच नाल्यावर मरेल.

आणि त्या वायरीच्या खालीच कार्ब्युरेटर आहे. फ्लोटची सुई अडकून पेट्रोल वाहिलं तर काय होईल, हे मी लिहायची गरज नसावी.

इथपर्यंत जागेचं झालं. पण कॉइलला हात लावलास आणि तिच्या वायरींची दिशा तपासली नाहीस, हा वेगळा अपराध आहे. मायनर जन्माने पॉझिटिव्ह अर्थची गाडी. अल्टरनेटरसाठी तू तिची बॅटरी उलटवून निगेटिव्ह अर्थ केलीस, ते करावंच लागतं. मग कॉइलच्या दोन वायरी अदलाबदल केल्यास? नाही. पांढरी चावीकडून येणारी, पांढरी-काळी डिस्ट्रिब्युटरकडे जाणारी. जुन्या कॉइलवर जशा होत्या तशाच नव्या कॉइलच्या त्याच खुणांवर लावल्यास. नव्या कॉइलवर अधिक-उणे स्पष्ट छापलं आहे. निगेटिव्ह अर्थच्या गाडीत अधिक चावीकडे आणि उणे डिस्ट्रिब्युटरकडे, यात विचार करण्यासारखंही काही नाही.

‘गाडी चालत होती ना सर’, हे तुझं म्हणणं. चालते, म्हणून तर हा दोष वर्षानुवर्षं लपून राहतो. प्लगचा मधला खांब चिनी मातीत बसलेला असतो, तो तापलेला राहतो. बाजूचा आकडा लोखंडी अंगाला जोडलेला, त्यामानाने थंड. तापलेल्या धातूतून इलेक्ट्रॉन सहज सुटतात, म्हणून ठिणगी मधल्या खांबाकडून बाजूच्या आकड्याकडे जायला हवी. वायरी उलट्या असल्या की ती थंड टोकाकडून उडते आणि त्यासाठी कॉइलला बरंच जास्त व्होल्टेज उभं करावं लागतं. थंड, सशक्त कॉइल ते निभावून नेते. तापलेली, चाळीस टक्के खचलेली कॉइल निभावत नाही. तुझ्या दोन चुका एकमेकींच्या मदतीला आल्या आणि गाडी नेमकी घाटात पडली. यातली एकच असती तर कदाचित ती वर पोहोचली असती, आणि तुला कधी कळलंही नसतं.

बाजारातून कॉइल आणताना दुकानदाराला काय सांगितलंस? ‘बारा व्होल्टची द्या.’ एवढ्याने भागत नाही. बारा व्होल्टच्या कॉइलमध्ये दोन जाती आहेत: तीन ओहमच्या आसपासची, जी थेट चालते; आणि दीड ओहमची, जिच्या वाटेत वेगळा बॅलास्ट रोध लागतो. या गाडीत तो रोध नाही. दीड ओहमची लावलीस तर आठ अँपिअर जातील, पॉइंट काळे पडतील आणि कॉइल कुठेही ठेव, ती जळेल. तिसरी आणलीस ती नशिबाने तीनवाली निघाली. पुढच्या वेळी दुकानाच्या काउंटरवर मीटर लावायचा, मगच पैसे द्यायचे.

आता ऐक, कुठे बसवायची. उजवं अंग, डिस्ट्रिब्युटरच्या बाजूचा आतला मडगार्डचा पत्रा, वरच्या भागात. तिथे मॅनिफोल्ड नाही, इंजिनाची थरथर नाही, कारण पत्रा बॉडीचा आहे, आणि डिस्ट्रिब्युटर दोन वितींच्या आत येतो. फायरवॉलवर नको. मायनरमध्ये बॅटरी तिथल्याच खणात असते. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो, तिच्या डोक्यावर वीस हजार व्होल्टची वस्तू टांगायची नाही. शिवाय बॉनेटच्या मागच्या फटीतून पावसाचं पाणी तिकडेच ठिबकतं. रेडिएटरच्या पुढेही नको, कुणी काही सांगो. गारवा मिळेल पण जाळीतून येणारं पाणी आणि चिखल थेट टॉवरवर बसेल. खाली, चाकाच्या कमानीलगत तर मुळीच नको.

कॉइल उभी ठेव, टॉवर वर. तेलाला फुगायला डब्यात वर थोडी मोकळी जागा असते, ती सीलच्या बाजूला राहू दे आणि तारा तेलात राहू देत. एखाद्या गाडीत कंपनीनेच ती तिरकी किंवा टॉवर खाली करून बसवली असेल तर तिथे तुझी अक्कल चालवू नकोस, कंपनीची चालू दे. टॉवरवर घट्ट बसणारी रबरी टोपी घाल, ती तडकलेली नको. दोन्ही वायरींना थोडी ढील दे. इंजिन रबरी माउंटवर हलतं आणि पत्रा हलत नाही. ताणून बांधलेली वायर सहा महिन्यांत टोकाशी तुटते, तीही इन्सुलेशनच्या आत, दिसत नाही अशी. इंजिनापासून बॉडीपर्यंतची जाड अर्थची पट्टी आहे ना, तेही बघ. नसली तर सेल्फचा करंट चोकच्या केबलमधून परत जातो, आणि केबल तापून लाल होते.

पत्र्याला भोक पाडायच्या आधी आहेत ती भोकं शोध. रंगाखाली बुजलेली, जुन्या क्लिपांची, नको झालेल्या फिटिंगची. ही साठ वर्षांहून जुनी गाडी आहे, तिच्या मूळ पत्र्याला प्रत्येक नवं भोक कायमचं असतं. तू आधीच डाव्या पत्र्यावर तीन भोकं पाडून ठेवली आहेस, ‘इथे बसतं का बघू’ म्हणून. पट्टी लावून, पेन्सिलीने खूण करून बघता येत नव्हतं? आणि ती भोकं तशीच उघडी सोडलीस, कडांना गंज धरला आहे. नवं भोक पाडावंच लागलं तर आधी मालकांना फोन कर. त्यांनी हो म्हटलं तर पाड, कडेला प्रायमर लाव, आणि बोल्ट, वॉशर, नायलॉकचा नट वापर. स्वतः कापत जाणारा टोकदार स्क्रू नको, त्याचं टोक पलीकडे चाकाच्या बाजूला निघतं.

तुझ्या हातात कसब नाही असं मी म्हणत नाही. त्या पट्टीचं वाकण बघितलं मी; अंश न चुकता काटकोनात आहे, कडा कानसून गुळगुळीत केल्या आहेत. इतका हात बसलेला माणूस ती पट्टी मॅनिफोल्डवर लावतो, याचाच मला संताप आहे. बॅचमधल्या ज्याला पाना धरता येत नव्हता त्याने हे केलं असतं तर मी चार ओळीही लिहिल्या नसत्या. तुझ्याकडे लोक वडिलांच्या गाड्या घेऊन येतात. तू काय बदललंस ते त्यांना बघता येत नाही, ते फक्त तुझ्या शब्दावर बिल देतात. म्हणून जागा ठरवताना प्रश्न ‘मला कसायला कुठे सोपं’ हा नाही. तिथे उष्णता किती, पाणी किती, थरथर किती, वायर किती लांब, आणि रस्त्यावर रात्री बंद पडली तर मालकाला टॉर्चने दिसेल का. हे पाच प्रश्न कागदावर लिही आणि डायनॅमोचा पहिला बोल्ट सोडायच्या आधी त्यांची उत्तरं लिही.

दोन कॉइल, फ्लोट आणि कंडेन्सर, यांचे पैसे मालकांना परत कर. मजुरीचेही. ‘तुमच्या गाडीत दोष नव्हता, माझ्या कामात होता’ हे वाक्य त्यांना तोंडाने सांग, मेसेजवर नको.

गाडी शनिवारपर्यंत तयार कर. नव्या जागी बसवल्यावर थंड कॉइलचा रोध मोजून लिहून ठेव. मग स्वतः, मालकांशिवाय, पसरणीचा घाट चढ, वर पोहोचलास की चावी बंद कर, बॉनेट बंदच राहू दे आणि पंधरा मिनिटं थांब. मग बॉनेट उघडून कॉइलवर तळहात ठेव. गरम लागेल, पण हात ठेवता आला पाहिजे. पुन्हा रोध मोज, तिथेच लिही, सेल्फ मार. दोन्ही आकडे माझ्याकडे घेऊन ये. आणि निघायच्या आधी त्या मॅनिफोल्डच्या स्टडवरची तुझी पट्टी काढून मूळचा जाड वॉशर आणि पितळी नट परत लाव, दोन्ही शेजारच्या नटांबरोबर सारखा कस. पट्टीमुळे तो कोपरा नीट दाबला गेलेला नाही, गॅस्केटमधून एक्झॉस्ट फुंकतोय. काल इंजिन चालू असताना मला इथे ओट्यावर ऐकू येत होतं.